ताटातला तवंग

"उंबरा ओलांडू नको."

धुरपदाबाईंचा आवाज मोठा नव्हता. मोठ्या आवाजाची त्यांना कधी गरजच पडली नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर प्रतिभाचा उचललेला पाय तसाच मागे आला, आणि हातातला रिकामा पेला घेऊन ती ओसरीवर येऊन उभी राहिली... राजपुऱ्याच्या गल्लीतलं चैत्राचं ऊन डोक्यात अजून ठणकत होतं, दवाखान्यात ऐकलेलं एकेक वाक्य कानात घुमत होतं, आणि त्या गोंधळात ती या घराचा नियमच विसरून गेली होती. शेजारी तिची लेक मृणाल उभी होती, एकोणीस वर्षांची, फार्मसीच्या कॉलेजात जाणारी, बापासारखीच सडसडीत. तिच्या ओठांवर काहीतरी येऊन अडलं होतं.

"मम्मीला फक्त पाणी प्यायचं होतं, आजी."

"पानी माठात हाय. अन् माठ बाहेर हाय."

झालं, विषय संपला. प्रतिभानं माठातलं पाणी घेतलं, लेकीच्या हाताला हळूच चिमटा काढला आणि विळी ओढून गिलकी चिरायला बसली.

सहा वर्षं हेच चाललं होतं. प्रतिभा ही या घरची थोरली सून. भाजी निवडावी तिनं, धान्य पाखडावं तिनं, ढीगभर भांडी घासावीत तिनं, सासूचे पायही चेपावेत तिनंच. फक्त चुलीला तिचा हात लागायचा नाही. घरात गॅसची शेगडी येऊन जमाना झाला, पण धुरपदाबाईंच्या तोंडी चूल म्हणजे चूलच. रांधायची धाकटी जाऊ हिमानी, आणि तेही असं की भाजीला तेलाचा नुसता वास दाखवायचा. कारण काय, तर थोरलीच्या हातच्या खाण्यानं तिच्या नवऱ्याचा जीव घेतला म्हणे!

तो रविवार प्रतिभाला आजही पुसता आलेला नव्हता. चंदन शाळेत मास्तर होता. चाळिशी नुकतीच उलटलेली, अंगावर मांस नाही, तंबाखू नाही, दारू नाही. मुलं त्याला मागून काडीमास्तर म्हणायची आणि तो ते ऐकून हसायचा. त्या दिवशी तिनं शेवभाजी केली होती. "वरचा तवंग दे गं, नुसती खालची भाजी काय वाढतेस," असं म्हणून त्यानं ताट पुढे सरकवलं, भाकरी कुस्करली, पहिला घास घेतला... आणि छातीवर हात ठेवून ताटावरच कलंडला. धुरपदाबाई समोरच बसल्या होत्या. लेकाच्या गालाला लागलेलं ते लाल तेल त्यांनीच आपल्या पदरानं पुसलं. पुढे इस्पितळात धावपळीत कोणीतरी सहज विचारलं, तेलकट जास्त खायचे का हो हे? विचारणारा विचारून निघून गेला. पण त्या माउलीनं तो प्रश्न म्हणून ऐकलाच नाही, तिनं तो निकाल म्हणून ऐकला.

आणि प्रतिभानं? तिनंही तो मानलाच होता! कितीतरी वेळा ती अंधारात स्वतःचेच हात बघत बसायची, याच हातांनी मी तवंग वाढला ना, असं स्वतःला विचारायची. सगळं सोसवत होतं, एक आखाजी सोडून. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावानं मातीची घागर भरतात, तिच्यावर खरबूज आणि आंबे मांडतात, आणि पुरणपोळीचा घास निखाऱ्यावर टाकून त्याला जेवू घालतात. त्या घासाला आगारी म्हणतात. गेल्या सगळ्या आखाजींना चंदनच्या आगारीची पोळी हिमानीनं लाटली होती. प्रतिभा बाहेर बसून आंबे पिळायची... आपल्या माणसाला वर्षातून एकदा मिळणारा घासही आपल्या हातचा नाही, या विचारानं त्या दिवशी तिला जेवण जायचं नाही.

आणि आज, त्या डॉक्टर गायत्रीबाईंनी तिच्यासमोर बसून सगळं उलटंपालटं करून टाकलं होतं.

मृणालच्या कॉलेजात रक्ततपासणीचं शिबिर झालं होतं. पोरीचं कोलेस्टेरॉल थोडं जास्त निघालं, तशी तिथल्या मॅडमनं तिला गायत्रीबाईंकडे पाठवलं. वडील एकेचाळिसाव्या वर्षी गेले हे ऐकल्याबरोबर बाईंनी आणखी एक वेगळी तपासणी लिहून दिली. एलपी-ए म्हणतात तिला, म्हणाल्या. साध्या कोलेस्टेरॉलच्या तपासणीत ही येत नाही, वेगळी मागावी लागते. मृणालचा तो आकडा असायला हवा त्याच्या दुपटीहून वर निघाला. मग त्यांनी प्रतिभाचंही रक्त तपासलं. तिचं अगदी साफ.

"म्हणजे हे वडिलांकडून आलंय," गायत्रीबाई म्हणाल्या होत्या. "हे खाण्यानं चढत नाही आणि पथ्यानं उतरत नाही, ताई. माणूस हे जन्मताना घेऊन येतो. बारीक असो की जाडा, नळात क्षार धरावेत तसं आत धरत जातं. धोका वाढतो, पण प्रत्येकाला झटका येतोच असं नाही. हा आकडा खाली आणणारं औषध आज तरी माझ्याकडे नाही. पण बाकीचं सगळं हातात आहे. दुसरं कोलेस्टेरॉल गोळीनं खाली ठेवायचं, बीपी सांभाळायचा, तंबाखू सोडायची. मृणाल लहान आहे, तिला वेळ आहे. मला काळजी आहे ती तिच्या काकांची. ते कितीचे?"

"अडतीस."

"त्यांना लगेच पाठवा. आणि आजी-आजोबांच्या घरात कोणी असं अचानक गेलंय का, तेही विचारा."

विचारायची काय गरज होती? सासरे पिकून, नातवंडं खेळवून गेले. पण धुरपदाबाईंचं माहेर इच्छापूरचं, आणि तिथल्या गोष्टी या घरात सगळ्यांना पाठ. त्यांचे वडील दगाबाबा कपाशीच्या बांधावर पाणी प्यायला टेकले ते उठलेच नाहीत. भाऊ भाईदास देवीच्या पायऱ्या चढता चढता बसला आणि गेला, पस्तिशीत. वडिलांना नजर लागली आणि भावाला देवीनं बोलावून घेतलं, असं धुरपदाबाई सांगायच्या. प्रतिभानं गिलक्याचा देठ कापता कापता हे सगळं एकापुढे एक ठेवलं आणि तिचा हात विळीवरच थांबला.

एक वाक्य, फक्त एक वाक्य बोलायचं होतं. माझ्या हातानं नाही, आत्याबाई, तुमच्या रक्तानं नेलं त्यांना. सहा वर्षांचं सगळं एका फटक्यात फिटलं असतं... देवा, किती गोड वाटलं असेल ते वाक्य तिच्या जिभेला! पण समोर ती बाई बसली होती, चंदनला तीन वर्षं अंगावर पाजल्याचं येणाऱ्याजाणाऱ्याला अजून कौतुकानं सांगणारी. "माझ्या दुधाचा पोऱ्या, त्याले शिंक माहीत नव्हती," असं म्हणताना तिचा सुरकुतलेला चेहरा असा उजळायचा की बघणाऱ्याला दिवा लावावासा वाटू नये. जगायला तिच्याकडे तेवढंच उरलं होतं. तेही काढून घ्यायचं? प्रतिभानं ते वाक्य गिळलं.

संध्याकाळी निरंजन आला. केळीच्या व्यापाऱ्याकडे तो हिशेब बघायचा, दिवसभर ट्रकांच्या मागे धावायचा. ओसरीच्या पायऱ्या चढून तो खाटेवर बसला आणि छाती चोळू लागला. हिमानीनं न सांगता ओवा आणि काळं मीठ आणून दिलं. हे आता रोजचंच झालं होतं.

"भाऊजी, हे किती दिवसांचं आहे?" प्रतिभानं विचारलं.

"काही नाही वहिनी, गॅस आहे सिर्फ. चढलं की होतं, बसलं की जातं."

"मृणालच्या डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासायला सांगितलंय. उद्या जाऊन या ना."

निरंजन हसला. हातावर मळलेली तंबाखू त्यानं ओठाखाली सरकवली. "मला काय झालंय? आपल्या घरात तर तळणच बंद आहे. उलट इतकं फिकं खाणं पूरे बुऱ्हानपुरात कोणी खात नसेल. जे झालं ते तेव्हाच्या..." आणि तो थांबला. बोलून चुकल्यासारखा खाली बघायला लागला. माणूस वाईट नव्हता तो.

राहिलेलं वाक्य धुरपदाबाईंनी पुरं केलं. "तिच्या हातचं बंद केलं तव्हापासून माह्या घरात कोनाले काही झालं नाही. काहून त्याच्या डोक्यात भरवते?"

तेव्हा प्रतिभाला एकदम लख्ख दिसलं. या माणसांनी तिच्या हाताला दोष देऊन नुसता राग काढला नव्हता. त्यांनी तोच दोष औषधासारखा घेतला होता! थोरलीला चुलीपासून दूर ठेवलं म्हणजे मरण उंबऱ्याबाहेर ठेवलं, अशी त्यांची पक्की समजूत. म्हणून सहा वर्षांत कोणी एकदाही रक्त तपासलं नाही. गुन्हेगार सापडला होता ना, मग पुढे शोधायचं कशाला! आणि आता तिनं खरं सांगितलं, तर ते कोण मानणार होतं? आपलं पाप माह्या माहेरावर ढकलते, असं म्हणून म्हातारी पेटून उठली असती, निरंजन आईच्या बाजूनं उभा राहिला असता, आणि तपासणी राहिली असती तिथंच.

तिनं विळी बाजूला ठेवली. उठून सासूसमोर आली आणि खाली बसली.

"आत्याबाई, तुमचं खरं होतं," ती म्हणाली. "यांना माझ्याच हातच्या खाण्यानं नेलं. मी कबूल करते."

मृणाल जिन्यात उभी होती, ती झटकन पुढे आली. "मम्मी, तू हे काय..."

"तू गप्प बस." प्रतिभानं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "पण आत्याबाई, मी लग्न होऊन आले तेव्हापासून भाऊजींनीही माझ्याच हातचं खाल्लंय. यांच्या ताटात होता तोच तवंग भाऊजींच्या ताटात होता. यांच्या अंगात जे साचलं, ते भाऊजींच्या अंगात साचलं नसेल कशावरून? माझी चूक मला भोगू द्या. पण माझ्या चुकीपायी दुसरा मुलगा घालवू नका... पदर पसरते तुमच्यापुढे."

जे ऐकायला धुरपदाबाई सहा वर्षं थांबल्या होत्या ते कानावर पडलं, तर समाधान व्हायचं सोडून त्यांची नजर निरंजनच्या छातीकडे गेली.

"इतकी वर्सं लागली तुले हे बोलाले," त्या म्हणाल्या, आणि मग निरंजनकडे वळल्या. "सकाळी पयले रगत दे. मंग तुहं ऑफिस."

"अरे पण आई..."

"जाय म्हनलं ना."

माडीवर गेल्यावर मृणाल आईच्या अंगावर धावूनच आली. रडत होती, संतापानं बोलताही येत नव्हतं तिला. "तू खोटं बोललीस. डॉक्टरांनी तुला स्पष्ट सांगितलं होतं. आता ती तुला जन्मभर ऐकवेल, मम्मी. तुला काही स्वाभिमान आहे की नाही?"

प्रतिभा तिचे केस मागे सारत राहिली. "खरं बोलले असते तर भांडण झालं असतं, बाळा. खोटं बोलले तर तुझे काका उद्या दवाखान्यात जातायत. मला भांडण नको होतं. या घरात एक कुंकू पुसलं गेलंय, हिमानीचं तरी राहू दे."

निरंजनचं रक्त तपासलं, आणि आकडा मृणालपेक्षाही वर निघाला. गायत्रीबाईंनी छाती चोळण्याची हकिकत ऐकली, त्याच दिवशी ईसीजीची पट्टी काढली आणि दुसऱ्या दिवशी इंदूरला पाठवलं. हृदयाची एक मोठी नळी जवळजवळ बंद झालेली होती. आणखी थोडे दिवस ओवा आणि काळं मीठ खाल्लं असतं तर माणूस हातचा गेला असता, असं तिथल्या डॉक्टरांनी हिमानीला तोंडावर सांगितलं. जाळी बसवली, गोळ्या सुरू झाल्या, तंबाखूची डबी हिमानीनं स्वतःच्या हातानं गटारात फेकली. आणि निरंजन आपल्या पायांनी चालत घरी आला.

मग धुरपदाबाईंनी काय करावं? दराब्याचा डबा घेऊन निघाल्या डॉक्टरीणबाईंकडे! रवा, साखर आणि फेसून फेसून पांढरं केलेलं तूप, तेही हृदयाच्या डॉक्टरला. मृणालला हसू आवरेना. प्रतिभा मात्र सोबत जाताना आतून भेदरलेली होती. निरंजनला कागद दाखवायला जायचंच होतं आणि म्हातारीला अडवणार कोण?

"बाई, तुमी माहा पोऱ्या वाचवला," डबा टेबलावर ठेवत धुरपदाबाई म्हणाल्या. "अन् खरं सांगू का, माह्या या थोरल्या सुनेनं कबूल केलं म्हनून वाचला. जे झालं ते झालं, पन शेवटी कबूल केलं तिनं."

गायत्रीबाईंनी चष्मा वर केला. "कबूल? काय कबूल केलं?"

सासूच्या पाठीमागे उभी राहून प्रतिभा मान हलवत होती, डोळ्यांनी विनवत होती... नको, बाई, नको. पण डॉक्टरांचं लक्ष म्हातारीकडे होतं.

"हेच, का तिच्या हातच्या तेलानं दोघाइच्या अंगात हे साचलं."

"छे हो आजी. कोणी सांगितलं तुम्हाला? याचा खाण्याशी काही संबंध नाही. हे रक्तातून येतं. चंदनरावांना आलं, निरंजनना आलं, मृणालला आलं. मी तर प्रतिभाताईंना पहिल्याच दिवशी सगळं समजावून सांगितलं होतं." त्यांनी कागद पुढे ओढला. "तुमच्या माहेरी कोणी असं अचानक, लहान वयात गेलं होतं का?"

धुरपदाबाईंनी टेबलावरचा डबा आपल्याकडे ओढून घेतला.

"भाईदास," त्या म्हणाल्या. आणि मग, "माहा बाप."

त्यांचंही रक्त घेतलं. सुई टोचताना त्या बघतही नव्हत्या. निकालाची वाट बघायचं काही कारण उरलं नव्हतं, तरी तो आला आणि जे असायचं तेच निघालं. मला कसं काही झालं नाही मग, असं त्यांनी फक्त एकदा विचारलं. काहींना होत नाही, गायत्रीबाई म्हणाल्या, तुमचं नशीब. ते नशीब हा शब्द ऐकून म्हातारीनं अशी मान खाली घातली की प्रतिभाला बघवेना.

त्यानंतर धुरपदाबाई घरात कोणाशी बोलल्याच नाहीत. जेवायला बसायच्या, अर्धी भाकरी चिवडायच्या आणि उठायच्या. येणाऱ्याजाणाऱ्यांना दुधाच्या, शिंकेच्या गोष्टी सांगणं बंद झालं. प्रतिभाला स्वतःचाच राग येत होता. आपला दोष पुसला गेला खरा, पण तो कोणाच्या कपाळी जाऊन बसला! हेच नको होतं तिला, याचसाठी तर सगळं केलं होतं.

आखाजीच्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी आंबे घेऊन ओसरीवर आली, आणि जागच्या जागी थांबली. तिच्या जागेवर, विळीपुढे, धुरपदाबाई बसल्या होत्या. शेजारी आंबे पिळायचं पातेलं होतं. आत हिमानी पुरण शिजवून, हात पुसत, उगीचच मोरीपाशी रेंगाळत होती.

"आत्याबाई, उठा, मी करते ना."

"आजपासून मी इथं बसते. ही जागा माही हाय," धुरपदाबाई म्हणाल्या. वर बघितलं नाही. "तुले पयल्या दिवसापासून माहीत व्हतं ना?"

"हो."

"मंग काहून नाही बोलली? मी तुले काय काय म्हनलं, सहा वर्सं... चुलीपासी येऊ देलं नाही. तुह्याजवळ हत्यार आलं तरी तू ते उलटं धरलं, सोताच्याच छातीकडं. काहून?"

प्रतिभा त्यांच्याजवळ खाली बसली. "तुम्ही आई आहात त्यांच्या. मला वाटलं, मला सवय झालीय दोषाची, तुम्हाला नाही सोसवणार."

"नाहीच सोसवत," म्हातारी म्हणाली, आणि तिचा बांध फुटला. "मीच देलं वं पोरी त्याले. माह्याच रगतानं नेलं अन् मी तुह्या हाताकडं बोट दाखवत बसली... दोनी लेकाइले देलं, नातीले देलं. कोनत्या तोंडानं आज त्याची घागर भरू?"

प्रतिभानं तिचे दोन्ही हात धरले. किती वर्षांनी या दोघी एकमेकींना अशा शिवत होत्या, कोण जाणे! "ठरवून दिलंत का तुम्ही? तुमच्या वडिलांनी तुम्हाला दिलं, त्यांना त्यांच्या कोणी. त्यांचं हसणंही तुमचंच होतं आत्याबाई, आणि मृणालचं कपाळ बघा, तुमचंच. जे द्यायचं ते सगळं एकदमच जातं, त्यातलं एक निवडून ठेवता येत नाही. आणि माझं म्हणाल, तर तुमचे माझ्यावर कितीही बोल असले तरी मला या घरातून जा असं तुम्ही कधी म्हणाला नाहीत."

धुरपदाबाईंनी पदरानं डोळे पुसले. मग उंबऱ्याकडे हात दाखवला.

"आत जाय. पोळी तू लाट. त्याले तुह्या हातची आवडे."

उंबऱ्यावर प्रतिभाचा पाय एकदा थबकलाच, सवयीनं. मग ती आत गेली. तवा कुठे असतो, तूप कुठल्या डब्यात, काही आठवेना. हिमानी एकेक हातात देत राहिली आणि रडत राहिली. पहिली पोळी फाटली. दुसरी जमली.

अंगणात घागर भरली, तिच्यावर खरबूज आणि आंबे मांडले. निरंजन हळूहळू चालत येऊन बसला, मृणालनं त्याच्यामागे उशी ठेवली. धुरपदाबाईंनी पोळीचा तुकडा मोडला, त्यावर आमरस आणि तुपाचा थेंब घेतला आणि निखाऱ्यावर ठेवला. तूप चरचरलं, धूर वर गेला.

"चंदन," त्या म्हणाल्या, "उशीर झाला रे पोऱ्या. आज तुह्या बायकोच्या हातचं हाय. पोटभर जेव."

प्रतिभा दारात उभी होती. इतकी वर्षं तिनं सगळ्यांपुढे डोळ्याला पदर लावला नव्हता, आज लावला. मग धुरपदाबाईंनी ओसरीवर येऊन आपलं रिकामं ताट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत सरकवलं आणि वर बघितलं.

"मलेही वाढ," त्या म्हणाल्या. "भूक लागली."

प्रतिभा आत वळली आणि तिनं त्यांच्यासाठी एक पोळी तव्यावर टाकली.